ठिपका म्हणतो, कायमाक अंगणातच आहे

१. ठिपका

शनिवारी सकाळी माझ्या फोनवरचा हिरवा ठिपका छातीठोकपणे सांगत होता की कायमाक अंगणात आहे. अंगणात कायमाक सोडून सगळं होतं. पुदिन्याचा वाफा होता, बाबांची मोडकी खुर्ची होती, दोरीवर माझे शाळेचे मोजे होते. ठिपका होता तिथे मी जाऊन उभी राहिले. ठिपक्याच्या डोक्यावर मी आणि माझ्या पायाखाली फरशी.

"आई, ठिपका खोटं बोलतोय."

"ठिपक्याला बोलता येत नाही, सेल्वी. नाश्ता कर," आई आतून म्हणाली. पण तिचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. कायमाक काल सकाळपासून दिसली नव्हती.

कायमाक ही आमची मांजर. आमच्याकडे कायमाक म्हणजे साय, आणि ती आहेच तशी. पांढरी, मऊ, आणि कायम सगळ्यांच्या वर जाऊन बसणारी. अंकारा जातीची, अस्सल, एक डोळा निळा, एक पिवळा. तिची आजी प्रदर्शनात पहिली आली होती. हे सगळं गुलरिझआत्याला तोंडपाठ आहे, कारण कायमाक तिच्याच घरी जन्मली. आत्यानेच ती मला दिली, आणि हिवाळ्यात ती पहिल्यांदा हरवली तेव्हा एक अट घातली.

"मोकाट फिरणारं जातिवंत मांजर एक तर चोरीला जातं, नाही तर गाडीखाली. आणखी एकदा हरवली ना, तर मी तिला परत अंकाराला नेईन."

अंकाराला आत्या चौदाव्या मजल्यावर राहते. तिथे खिडक्या उघडत नाहीत. कायमाकला मात्र नाकावर वारा लागला नाही तर ती जेवतच नाही, दाराशी बसून माणसाने रडावं तशी रडते.

म्हणून वसंतात बाबांनी अंगणाचा किल्ला केला. तिन्ही भिंतींवर फिरत्या नळ्या बसवल्या. मांजराने पंजा टाकला की नळी गरकन फिरते आणि मांजर पुन्हा आत. नळ्यांवर आत झुकलेली जाळी. लोखंडी दाराखाली फळी. चौथ्या बाजूला आमची पाच मजली इमारत. तिथे दोनच दारं, एक आमच्या स्वयंपाकघराचं, दुसरं इद्रिसकाकांच्या किराणा दुकानाचं मागचं. त्याला बाबांनी आपोआप मिटणारी स्प्रिंग लावली. कायमाकच्या गळ्यात घुंगरू आणि माग दाखवणारा पट्टा. झालं, ती बाहेरही आणि सुरक्षितही.

पण तेव्हापासून कायमाक आठवड्यातून दोनतीनदा या किल्ल्यातून गायब व्हायची, संध्याकाळी परत यायची आणि दर वेळी जरा जास्त जाड दिसायची. कशी जायची ते कुणालाच कळत नव्हतं, आणि आत्याला कुणीच सांगितलं नव्हतं. या वेळी मात्र रात्र उलटली तरी ती आली नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. ती नुसतं "हो, हो, या ना" म्हणत राहिली आणि फोन ठेवून माझ्याकडे बघू लागली.

"गुलरिझ उद्या दुपारी येतेय," ती म्हणाली. "म्हणाली, मांजराला बघून जाईन."

२. लिंबाचा वास

माझ्याकडे एक धागा होता. मागच्या आठवड्यात कायमाक परत आली तेव्हा तिच्या मानेला लिंबाच्या कोलोन्याचा, हातावर ओतायच्या अत्तराच्या पाण्याचा, भपकारा येत होता. आमच्या उताराच्या रस्त्यावर दिवसभर कोलोन्या उडवणारा माणूस एकच, कोपऱ्यावरचा न्हावी ताहसीन उस्ता.

मी आत्याने पाठवलेला कायमाकचा फोटो छापून घेतला, त्याखाली "अंकारा जातीची प्रमाणपत्रधारक मांजर हरवली आहे" असं लिहिलं आणि उस्ताच्या दुकानात शिरले. खुर्चीत निवृत्त कप्तान फेसात बुडून बसले होते.

"उस्ता, हिला पाहिलंत?"

त्याने कागद हातभर लांब धरला. "ही? ही तर महालातली आहे, पोरी. असली मांजर या उतारावर फिरत नाही."

"आमची आहे ती."

"तुमची मला माहितेय. पाशा. पांढरी, कानामागे कोळसा माखलेली. वसंतापर्यंत रोज माझ्याकडे कलेजी खायची."

"तिचं नाव कायमाक आहे. आणि पाशा पुरुषाचं नाव असतं."

"तिने कधी तक्रार केली नाही," उस्ता म्हणाला.

फेसातून कप्तान हसले. मी तिकडे लक्ष दिलं नाही. खुर्चीच्या हातावर मला काहीतरी दिसलं होतं. पांढरे, बारीक, रेशमी केस. मी ते हळूच चिमटीत उचलले.

"हे कुणाचे, उस्ता?"

"कप्तानांचे," उस्ता वस्तरा पुसत म्हणाला. "परत देणार आहेस का? त्यांच्याकडे आधीच कमी आहेत."

माझे कान तापले. तरी मी नेटाने कोलोन्याचा मुद्दा काढला. उस्ताने कपाळावर हात मारला.

"अगं, या उतारावर लिंबाचा कोलोन्या कुणाकडे नाही? पाहुणा दारात आला की तळहातावर ओतल्याशिवाय आपल्याला चैन पडतं का? वास धरून चोर शोधायचा तर अर्ध्या इस्तंबूलला बेड्या घाल." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "तुझ्या बापाने तुरुंग बांधला तेव्हापासून मी पाशाचं नखसुद्धा पाहिलेलं नाही. विचारायचं तर तिला विचार, जिच्याकडे तुरुंगाची किल्ली आहे."

३. जिच्याकडे किल्ली आहे

लोखंडी दाराची दुसरी किल्ली जुलिदेबाईंकडे असते. त्या पहिल्या मजल्यावर राहतात, इमारतीचा कारभार बघतात, आणि बाबांच्या जाळीवर त्यांचा राग आहे. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"मांजर गेली? मग आता ती जाळी काढा. इमारत कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसते."

"जुलिदेबाई, काल सकाळी तुम्ही दार उघडलंत का?"

"म्हणजे मी चोर."

"मी फक्त विचारतेय."

"तू विचारत नाहीस, तू डोळे बारीक करतेस. तुझी आजीही अस्संच करायची." त्या माझ्याबरोबर तरातरा खाली आल्या आणि दाराकडे बोट केलं. "ही चिकटपट्टी कुणी लावली?"

मीच लावली होती, गुरुवारी. दार आणि चौकट यांच्या मधे, कोण येतं ते कळावं म्हणून. पट्टी जशीच्या तशी होती. न फाटलेली, कडा न उचकटलेली.

"पुरावा तूच गोळा करतेस आणि तूच बघत नाहीस," जुलिदेबाई म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

मी मटकन बाबांच्या खुर्चीत बसले. दार उघडलं नव्हतं. नळ्यांवर एक ओरखडा नव्हता. जाळी शाबूत होती. राहिलं इद्रिसकाकांचं मागचं दार, पण त्याला कुलूप होतं. शुक्रवारी सकाळी त्यांची आई आजारी असल्याचा निरोप आला आणि ते तसेच उठून गावाला गेले. दुकानाचं शटर तेव्हापासून खाली आहे. म्हणजे कायमाक कुठूनच बाहेर गेलेली नव्हती, आणि आत नव्हती.

तेवढ्यात वरून हाक आली.

"कोण आहे गं खाली? सेल्वी का?"

चौथ्या मजल्याच्या खिडकीत मुयेसेरमावशी होत्या. चार भिंतींत एकट्या राहतात. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कामातून गेलेले, आणि इमारतीला लिफ्ट नाही. म्हणून त्या कधी खाली येत नाहीत. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मान मोडेपर्यंत वर बघायचं आणि ओरडायचं.

"मावशी, आमची मांजर हरवलीय. तुम्ही पाहिलीत का?"

"कसली?"

"अंकारा जातीची. प्रमाणपत्र आहे तिला."

"नाही गं बाई. असली बड्या घरची मांजर मी कुठून पाहू? इद्रिस कधी येतोय?"

"माहीत नाही. अंगणात कुणी अनोळखी माणूस दिसला का?"

"मला दिसतंय कुठे. शटर उघडलं का त्याने?"

"नाही उघडलं, मावशी. नीट आठवा ना, काल सकाळी काही आवाज?"

"काही नाही. आम्हा दोघींना आहे तेवढं पुरतं, म्हणा. पण इद्रिस आला की सांगशील ना मला?"

मी हो हो केलं. माझ्या मांजराचा जीव टांगणीला आणि या मला वाण्याची चौकशी करायला लावतायत. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता.

४. घुंगरू

दुपारी बाबा कुदळ घेऊन आले.

"ठिपका इथे आहे म्हणजे पट्टा इथे आहे," ते म्हणाले. "कुणीतरी मांजर नेली आणि पट्टा काढून पुदिन्यात पुरला."

"चोर पुरत बसेल का, बाबा? तो फेकून देईल."

"तुला सुचतंय का दुसरं काही?"

मला सुचत नव्हतं. आम्ही पुदिना उपटला. मग अजमोद्याचा वाफा उपटला. आईने दारात येऊन बघितलं, आत गेली, आणि भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटायला लागली. मातीत आम्हाला एक चमचा आणि माझ्या लहानपणीची बाहुलीची चप्पल सापडली.

संध्याकाळी ठिपका करडा झाला आणि विझला. पट्ट्याची बॅटरी संपली होती.

"आत्याला काय सांगायचं?" मी विचारलं.

"खरं," बाबा म्हणाले. मग पुटपुटले, "जेवण झाल्यावर."

तेव्हा आई न्हाणीघरातून हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"मी वेडी होतेय बहुतेक. भिंतीतून घुंगरू वाजतंय."

आम्ही तिघं न्हाणीघरात कोंबून उभे राहिलो. तिथली लहान खिडकी उजेडाच्या उभ्या पोकळीत उघडते. पाचही मजल्यांची न्हाणीघरं त्याच पोकळीत उघडतात, त्यामुळे कोण कुणाला काय म्हणालं ते सगळ्या इमारतीला कळतं. आम्ही श्वास धरला. कुठेतरी नळ गळत होता. जुलिदेबाईंचा टीव्ही चालू होता.

"कशाला वाजेल भिंतीतून," बाबा म्हणाले. "झोप झालेली नाहीये तुझी."

पण आमच्या घरात कान सगळ्यात तिखट आईचेच आहेत.

५. जे ऐकू आलं नाही

रविवारी सकाळी मी उपटलेल्या वाफ्याच्या कडेला बसून फुकट गेलेल्या तपासावर चिडत होते. न्हावी नाही. कारभारीणबाई नाही. दार नाही, भिंत नाही, जाळी नाही. आणि डोक्याला आणखी काहीतरी टोचत होतं. सकाळ चुकल्यासारखी वाटत होती. गाण्यातला ठेका निसटावा तशी.

मग कळलं. "ओढा" ऐकू आलं नव्हतं.

आमची सकाळ रोज त्या शब्दाने उजाडते. रस्त्याच्या बाजूला विजेच्या तारा आहेत, म्हणून मुयेसेरमावशी आपली टोपली मागच्या बाजूने, अंगणात सोडतात. वर कप्पी, खाली लांब दोर. इद्रिसकाका मागच्या दारातून येतात, टोपलीत पाव आणि दूध ठेवतात, "ओढा, मावशी" असं ओरडतात आणि गिऱ्हाईक थांबलंय म्हणून वर न बघताच आत पळतात. मग कप्पी कुरकुरते आणि टोपली वर जाते. जन्मापासून ऐकतेय मी हे. इतकं, की ऐकू येणंच बंद झालं होतं.

मी वर बघितलं. कप्पीला दोर गुंडाळलेला होता. टोपली वरच होती.

मी फोन काढला, जरी तो आता काहीच दाखवत नव्हता. नकाशा वरून काढलेला असतो. ठिपका अंगणाच्या कडेला असतो तेव्हा तो जागा सांगतो, मजला सांगत नाही. आम्ही सगळ्या बाजू बंद केल्या आणि आकाश उघडं ठेवलं. ठिपका खरंच बोलत होता. आम्ही मूर्खासारखे खाली खणत होतो.

"आई," मी ओरडले, "मुयेसेरमावशी एकट्याच राहतात ना?"

"हो. मुलगी जर्मनीला. का गं?"

"मग 'आम्हा दोघींना' म्हणजे कोण दोघी?"

आई दारात आली, हात पिठाने भरलेले. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग वर खिडकीकडे. आणि एकदम म्हणाली, "इद्रिस शुक्रवारपासून नाहीये. त्या बाईला पाव कोण देतंय?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. जिने चढताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली आणि मी दोन दोन पायऱ्या घेऊ लागले. मुयेसेरमावशींच्या त्या खिडकीला जाळी नाही.

६. चौथा मजला

दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. आधी काठीचा आवाज आला, मग बोलण्याचा, "जरा थांब गं, मधे मधे येऊ नकोस," आणि मग घुंगराचा.

कायमाक त्यांच्या पायांत उभी होती. कानामागे धूळ, मिशीला चीज. माझ्याकडे तिने दारावर बूट विकायला आलेल्याकडे बघावं तसं बघितलं.

"अगोबाई, सेल्वी. ये ना. हात पुढे कर." मुयेसेरमावशींनी आधी माझ्या तळहातावर कोलोन्या ओतला. लिंबाचा. मग ओल्या हाताने कायमाकची मान कुरवाळली. "ही माझी बुलुत." बुलुत म्हणजे ढग.

"मावशी, ही आमची कायमाक आहे."

"नाही गं. तुमची जातीची आहे म्हणालीस ना? जातीची मांजर काचेमागे गादीवर बसते. ही तर पावाच्या टोपलीतून येते. कोंबडीची कातडी खाते, माझ्या कुंडीत उरकते. रस्त्यावरची आहे, पण सभ्य आहे."

"टोपलीत हिला ठेवतं कोण?"

"इद्रिस. आणखी कोण? मी एकटी असते म्हणून पाठवतो बिचारा. संध्याकाळी रिकामी टोपली सोडताना मी परत पाठवते. पण शुक्रवारी ही वर आली आणि खाली तो नव्हताच. खाली कुणी घ्यायला नसताना आंधळेपणाने मुक्या जिवाला कसं सोडू? म्हणून ठेवून घेतली."

इद्रिसकाकांनी कायमाकला कधी टोपलीत ठेवलंच नव्हतं. ते पाठ फिरवायचे आणि ती आपली आपण चढून बसायची. काकांना वाटायचं पाव वर गेला, मावशींना वाटायचं काकांनी मांजर पाठवली, आणि ती मधल्या मधे फुकट झोके घेत होती. मी जिने चढताना हे सगळं जोडून ठेवलं होतं आणि आता थाटात मांडणार होते. पण माझी नजर ओट्यावर गेली.

ताटलीत पावाचा शेवटचा कडक तुकडा चहात भिजत ठेवलेला होता. शेजारच्या बशीत चीज, बारीक चिरून, मांजरासाठी.

"मावशी, तुम्ही सांगितलं का नाहीत, पाव संपलाय म्हणून?"

"सांगणार होते. पण तू इतकी घाईत होतीस. आणि उगाच कुणाला चार मजले चढवायचे." त्यांनी हात झटकला. "तांदूळ होते की. फक्त हिला भात आवडत नाही."

माझी मोठी उकल माझ्या तोंडातच राहिली. मागून आई धापा टाकत आली, हाताला अजून पीठ. तिने ताटली बघितली, खिडकी बघितली आणि आधी खिडकी लावून घेतली.

७. आत्या

गुलरिझआत्याने सगळं उभ्याउभ्याच ऐकलं, हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही.

"म्हणजे मांजर पुन्हा हरवली होती," ती म्हणाली.

"हरवली नव्हती. वर होती," मी म्हणाले.

"उघड्या खिडकीत. चौथ्या मजल्यावर."

बाबा उठले, अंगणात गेले आणि शिडी लावून भिंतीवरची जाळी कापू लागले. आम्ही बघत राहिलो. मोठा तुकडा खांद्यावर टाकून ते जिन्याने वर गेले, आणि थोड्या वेळाने चौथ्या मजल्यावरून हातोडीचा आवाज यायला लागला. जुलिदेबाई लगेच दारात आल्या.

"आता इमारतीच्या कपाळावर खुराडं?"

"मावशींच्या खिडकीला आहे," आई म्हणाली.

जुलिदेबाई आत गेल्या आणि झाकलेलं पातेलं घेऊन वर निघाल्या. ताहसीन उस्ता भाजलेली कलेजी घेऊन आला, म्हणाला, पाशाला द्या, आणि मला म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं, वास पाहुण्याचा आहे म्हणून." सांगितलं नव्हतं त्याने, अजिबात नव्हतं. पण वाद घालायला माझ्यात त्राण उरलं नव्हतं.

आत्याही वर जाऊन आली. खाली आली तेव्हा तिच्या हातांना लिंबाचा वास येत होता. बाबांनी जाळीला टोपलीपुरतं झडपेचं दार ठेवलं होतं, आणि जुनी टोपली बदलून आमची कपड्यांची खोल, झाकणाची टोपली दोराला बांधली होती.

"दोर जाड आहे का?" आत्याने विचारलं.

"बोटीचा आहे. कप्तानांनी दिला," बाबा म्हणाले.

"झाकणाला कडी?"

"आहे."

"आणि खाली कोण उभं राहणार रोज? तो वाणी तर पाठ फिरवतो."

"मी," मी म्हणाले. "शाळेच्या आधी. आणि संध्याकाळी. काका आले तरी."

आत्याने कायमाकचा प्रवासाचा पिंजरा बरोबर आणला होता. तो तिच्या पायाशी होता, दार उघडं. कायमाक अंगणात आमच्या मधोमध बसून पाय चाटत होती आणि तिचं सगळं भवितव्य आमच्या तोंडांकडे बघून ठरत होतं, याचं तिला काहीही पडलेलं नव्हतं.

वर कप्पी कुरकुरली. टोपली हळूहळू खाली आली आणि फरशीला टेकली. मी तिच्यात दोन गरम पाव ठेवले, दुधाची बाटली ठेवली. कायमाक उठली, पिंजऱ्याला वळसा घातला, टोपलीत उडी मारली आणि पावावर ऐसपैस बसली.

मी झाकण लावलं, कडी घातली आणि आत्याकडे बघितलं. आत्या टोपलीकडे बघत होती. मग तिने पायानेच पिंजऱ्याचं दार ढकलून बंद केलं, मान वर केली आणि अंकाराच्या चौदाव्या मजल्यावर कुणी कधी दिली नसेल अशी खणखणीत हाक दिली.

"ओढा, मावशी."